श्रीलिपीच्या पीडीएफ छापल्या जातात, युनिकोडच्या नाहीत: पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर आणि फिल्टर यांचा मेळ कसा घालावा?

कचेरीसमोरचा_डीटीपी

नमस्कार. तहसील कचेरीसमोर आमचे डीटीपीचे छोटे केंद्र आहे. प्रतिज्ञापत्रे, भाडेकरार, संमतिपत्रे, वारसनोंदीचे अर्ज अशी कामे दिवसभर चालतात. छपाईसाठी एक कृष्णधवल लेझर प्रिंटर नेटवर्कवर जोडलेला आहे. तो ६०० डीपीआयचा (इंचाला ६०० ठिपके) असून पान कसे छापायचे ते प्रिंटरला सांगणाऱ्या पोस्टस्क्रिप्ट या भाषेच्या तिसऱ्या आवृत्तीशी, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट ३ शी, सुसंगत असल्याचे त्याच्या माहितीपत्रकात लिहिले आहे. मात्र त्यातले पोस्टस्क्रिप्ट अडोबीचे नाही, ते कंपनीने स्वतः तयार केलेले आहे. संगणकावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे. छपाई सांभाळणाऱ्या कप्स या प्रणालीत या प्रिंटरचा क्यू ‘रॉ’ प्रकारचा, म्हणजे आलेले काम न बदलता पुढे सोडणारा, असून छपाई प्रत्यक्षात एका जुन्या शेल स्क्रिप्टमधून होते. ही स्क्रिप्ट पीडीएफ घेते, घोस्टस्क्रिप्ट या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमच्या ‘पीएस२राइट’ या डिव्हाइसने तिचे पोस्टस्क्रिप्ट करते, वर ट्रे आणि दुहेरी छपाईसाठी पीजेएलच्या, म्हणजे प्रिंटरला कामाच्या सूचना देणाऱ्या भाषेच्या, चार ओळी जोडते आणि सगळे क्यूकडे पाठवते. आमच्याकडे पूर्वी काम करणाऱ्या मुलाने ती लिहिली होती आणि कित्येक वर्षे तिने कधी त्रास दिला नाही.

त्रास सुरू झाला तो आम्ही युनिकोडवर आल्यापासून. पूर्वी सगळे मसुदे पेजमेकरमध्ये श्रीलिपीत असत आणि त्यांच्या पीडीएफ आजही बिनचूक छापल्या जातात. आता मजकूर गूगल डॉक्समध्ये टंकित करून पीडीएफ उतरवून घेतो. मसुदा पडद्यावर अगदी स्वच्छ दिसतो, पण प्रिंटरला पाठवला की मजकुराऐवजी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात कूरिअर अक्षरांत तीन ओळी येतात: ‘एरर: आयओएरर’, त्याखाली ‘ऑफेंडिंग कमांड: इमेजमास्क’ आणि त्याखाली ‘स्टॅक’. कधी पहिले पान अर्ध्यापर्यंत छापले जाते आणि मग ही पाटी येते; कधी पहिल्याच शब्दाला येते. गेल्या आठवड्यात ती पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर आली. पक्षकार समोर बसलेला होता. मुद्रांकाचे पैसे आम्ही भरून दिले, पण त्या माणसाची दुसऱ्या दिवसाची एसटीची खेप वाचवता आली नाही, याचे वाईट वाटते.

करून पाहिलेले उपाय असे: फॉन्ट बदलला, म्हणजे ‘मुक्ता’ऐवजी ‘तिरो देवनागरी मराठी’ घेतला, प्रिंटरचे फर्मवेअर नवे केले, नेटवर्कची केबल बदलली. फरक शून्य. तीच पीडीएफ विंडोजच्या लॅपटॉपवरून कंपनीच्या ड्रायव्हरने नीट छापली जाते. पीडीएफचे चित्र करून पाठवले तरी छापली जाते, पण अक्षर फिकट येते आणि चार पानांना बराच वेळ लागतो. इंग्रजी पीडीएफ छापल्या जातात, अडचण फक्त मराठीची दिसते. प्रिंटर देवनागरी युनिकोड ओळखत नाही असे दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे आहे. हे खरे मानावे काय? आणि नवा प्रिंटर न घेता काही मार्ग निघेल काय?

छपाईचा_विद्यार्थी

नमस्कार. दुरुस्ती करणाऱ्याचे म्हणणे मला पटत नाही. पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरला भाषा कोणती याचा पत्ताच नसतो. त्याच्यापर्यंत पोचतात ते अक्षरांचे आकार आणि ते कागदावर कोठे ठेवायचे याचे आकडे. ‘क्ष’ आणि ‘के’ या दोहोंचे त्याला सारखेच. तेव्हा नवा प्रिंटर घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

आपण चुकीची पाटी शब्दशः दिलीत हे फार बरे केलेत, कारण निम्मे निदान त्या पाटीतच आहे. ‘ऑफेंडिंग कमांड’ समोर जे नाव येते ती पोस्टस्क्रिप्टची आज्ञा पार पाडताना प्रिंटर अडखळलेला असतो. ‘इमेजमास्क’ ही आज्ञा केवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या चित्राचा साचा म्हणून उपयोग करते आणि रांगोळीच्या छाप्यातून रंग खाली पडावा तशी त्यातून शाई सोडते. ‘आयओएरर’ याचा अर्थ, चित्राचा मजकूर वाचता वाचता प्रवाह मध्येच बिघडला. म्हणजे प्रिंटर एखादे संकुचित केलेले चित्र उलगडत होता आणि ते त्याला उलगडता आले नाही. पण आपल्या प्रतिज्ञापत्रात चित्र आहेच कोठे? तेथे तर नुसता मजकूर आहे. हे चित्र वाटेत कोणी घातले, एवढेच शोधायचे आहे.

माझा संशय घोस्टस्क्रिप्टच्या पीएस२राइटवर आहे. तो बिघडलेला आहे असे मी म्हणत नाही, तो आपल्या नियमाप्रमाणे काम करतो. तो लेव्हल २ चे पोस्टस्क्रिप्ट काढतो. ही लेव्हल, म्हणजे भाषेची आवृत्ती, १९९१ ची. पोस्टस्क्रिप्ट ३ आले ते १९९७ मध्ये. श्रीलिपीसारखे जुने टंक (फॉन्ट) आठ बिटांचे असतात, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले आणि एकूण जागा जास्तीत जास्त २५६. असा टंक लेव्हल २ मध्ये आहे तसा, म्हणजे रेषाकृतीसह, पाठवता येतो. युनिकोडच्या देवनागरी टंकात मात्र जोडाक्षरे, रफार, निरनिराळ्या रुंदीच्या वेलांट्या मिळून कित्येक शे आकार असतात. ते २५६ च्या चौकटीत मावत नाहीत, म्हणून पीडीएफमध्ये ते ‘सीआयडी’ पद्धतीने, दोन बाइटांच्या क्रमांकांनी बसवलेले असतात. पीएस२राइट असा सीआयडी टंक तसाच पुढे पाठवत नाही. प्रत्येक अक्षराचे ठिपक्यांचे चित्र करून त्यांचा ‘टाइप ३’ टंक बनवतो, आणि ही चित्रे फॅक्ससाठी आखलेल्या सीसीआयटीटी पद्धतीने आवळतो. काही प्रिंटरांच्या इंटरप्रिटरला टंकाच्या आत अशी आवळलेली चित्रे उलगडता येत नाहीत, आणि घोस्टस्क्रिप्टच्या कर्त्यांना हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी ती पद्धत बंद करण्याचा पर्यायही ठेवलेला आहे.

हा अजून संशयच आहे, म्हणून तो पडताळून घ्यावा. प्रथम पॉपलर या पीडीएफ हाताळणाऱ्या प्रोग्रॅमसंचाच्या ‘पॉपलर-युटिल्स’ या पॅकेजमधील ‘पीडीएफफॉन्ट्स’ ही आज्ञा एका छापल्या जाणाऱ्या आणि एका न छापल्या जाणाऱ्या पीडीएफवर चालवून ‘टाइप’ आणि ‘एन्कोडिंग’ या दोन स्तंभांत काय येते ते येथे लिहावे. मग गूगल डॉक्समध्येच चार ओळी इंग्रजीत टंकित करून त्याच मार्गाने छापून पाहाव्यात. ही चाचणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शेवटी, न छापल्या जाणाऱ्या पीडीएफची तीन पोस्टस्क्रिप्टे करावीत. पहिले आपल्या स्क्रिप्टप्रमाणेच. दुसरे त्याच ओळीत घोस्टस्क्रिप्टला ‘नोटी३सीसीआयटीटी’ हा पर्याय देऊन. हा रोमन लिपीत लिहिताना त्यातील ‘ओ’ तेवढा लहान, बाकी सर्व वर्ण मोठे आणि मध्ये ३ हा अंक. त्याआधी उणे चिन्ह आणि मोठा डी, मध्ये जागा न सोडता. येथे एक वर्ण लहानमोठा झाला तर घोस्टस्क्रिप्ट तक्रार करत नाही, पर्याय मुकाट्याने दुर्लक्षित करतो आणि आपण भलत्याच निष्कर्षावर येतो. तिसरे पोस्टस्क्रिप्ट घोस्टस्क्रिप्ट टाळून, पॉपलरच्या ‘पीडीएफटूपीएस’ ने ‘लेव्हल२’ हा पर्याय देऊन करावे. तिन्ही एकाच रॉ क्यूतून, साध्या कागदावर पाठवावीत. प्रिंटर तोच, केबल तीच, क्यू तोच, आणि बदल फक्त पोस्टस्क्रिप्ट कोणी लिहिले यात. मग दोष कोठे आहे ते आपोआप कळेल.

एक सूचना. यांपैकी एखाद्या वेळी कागदावर ‘टक्का, उद्गारचिन्ह, पीएस-अडोबी’ अशी सुरुवात होऊन पोस्टस्क्रिप्टचा कच्चा मजकूरच पानेच्या पाने छापला जाऊ लागला, तर तो निराळा आजार समजावा. तेव्हा प्रिंटर पीसीएल या दुसऱ्या छपाईभाषेवर अडकलेला असतो आणि भाषा आपोआप ओळखण्याची त्याची सोय बंद केलेली असते. ताबडतोब काम रद्द करावे, नाहीतर कागदाचे अख्खे रीम जाते.

कचेरीसमोरचा_डीटीपी

आपण सांगितल्याप्रमाणे सकाळी दुकान उघडण्याआधी सर्व चाचण्या केल्या.

श्रीलिपीच्या जुन्या पीडीएफमध्ये ‘टाइप’ या स्तंभात ‘ट्रूटाइप’ आणि ‘एन्कोडिंग’मध्ये ‘विनअ‍ॅन्सी’ आले. प्रतिज्ञापत्राच्या पीडीएफमध्ये ‘मुक्ता’ची साधी आणि ठळक अशी दोन नावे दिसली, दोहोंसमोर ‘सीआयडी ट्रूटाइप’ आणि ‘आयडेंटिटी-एच’. नावांच्या आधी सहा निरर्थक रोमन अक्षरे आणि अधिकचिन्ह आहे. ते कशासाठी असते ठाऊक नाही, पण जसे दिसले तसे लिहितो.

इंग्रजीच्या चाचणीने मी चकित झालो. गूगल डॉक्समध्ये टंकित केलेल्या चार इंग्रजी ओळीही छापल्या गेल्या नाहीत! तीच पाटी, तीच ‘इमेजमास्क’. पीडीएफफॉन्ट्समध्ये पाहिले तर त्या इंग्रजी पीडीएफलाही ‘सीआयडी ट्रूटाइप’. आमच्याकडे आजवर छापल्या गेलेल्या इंग्रजी पीडीएफ बाहेरून, बँकांकडून वगैरे आलेल्या होत्या, म्हणून अडचण फक्त मराठीची आहे असा माझा समज झाला होता.

तीन पोस्टस्क्रिप्टांपैकी पहिल्याने पाटी आणली. दुसरे, म्हणजे नोटी३सीसीआयटीटी दिलेले, पूर्ण छापले गेले. तिसरे, पॉपलरचे, तेही पूर्ण छापले गेले. आता स्क्रिप्टमध्ये तो पर्याय कायमचा घालून टाकू काय? आपले मनापासून आभार.

छपाईचा_विद्यार्थी

संशय खरा ठरला. सहा अक्षरे आणि अधिकचिन्ह म्हणजे संपूर्ण टंक न घालता फक्त वापरलेली अक्षरे पीडीएफमध्ये घातली आहेत याची खूण. ती योग्यच आहे.

स्क्रिप्टमध्ये पर्याय घातल्यास आजचे काम चालेल, तो अवश्य घाला. पण पुढचा विचार करता ती स्क्रिप्ट आणि रॉ क्यू दोन्ही सोडून द्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. कप्सचे कर्ते रॉ क्यू कालबाह्य ठरवून बसले आहेत, हे एक कारण. मोठे कारण असे की आपण आज सकाळी जे शोधून काढलेत ते कप्स-फिल्टर्सच्या मंडळींनी आधीच शोधून त्यांच्या ‘पीडीएफटूपीएस’ फिल्टरमध्ये, म्हणजे कप्समधून जाणाऱ्या कामावर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घालून ठेवले आहे. तेथे घोस्टस्क्रिप्टला हाक मारताना नोटी३सीसीआयटीटी आणि टंक न आवळण्याचा पर्याय नेहमीच दिला जातो, आणि काही ठरावीक बनावटींच्या प्रिंटरांसाठी आणखी वेगळे उतारे आहेत. आपल्या स्क्रिप्टने घोस्टस्क्रिप्टला परस्पर हाक मारल्यामुळे हे सगळे संचित ज्ञान बाजूला राहिले.

येथे नावांचा एक घोटाळा होतो तो सांगून ठेवतो. ‘पीडीएफटूपीएस’ नावाच्या गोष्टी दोन आहेत. एक पॉपलरची आज्ञा, जी आपण तिसऱ्या चाचणीत वापरलीत. दुसरा कप्सचा फिल्टर, जो स्वतः काही रूपांतर करत नाही. तो प्रिंटरची पीपीडी फाइल, म्हणजे त्या प्रिंटरच्या सोयींची माहिती देणारी फाइल, वाचतो आणि ठरवतो की काम घोस्टस्क्रिप्टकडे द्यायचे की पॉपलरच्या त्याच नावाच्या आज्ञेकडे. अनेक लिनक्स वितरणांत ही निवड ‘हायब्रिड’ ठेवलेली असते: सर्वसाधारण प्रिंटरांसाठी घोस्टस्क्रिप्ट, आणि ब्रदर, मिनोल्टा अशा ज्या बनावटींशी पीएस२राइटचे जमत नाही असे पूर्वी आढळले आहे त्यांच्यासाठी पॉपलर. ही ओळख पीपीडीमधल्या नावावरून पटते. म्हणून आपल्या प्रिंटरची कंपनीने दिलेली पीपीडीच लावावी. ‘जेनेरिक पोस्टस्क्रिप्ट’ लावल्यास छपाई होईलही, पण फिल्टरला समोर कोण आहे ते कळणार नाही आणि त्या प्रिंटरसाठीचा उतारा लागू होणार नाही.

शिरोरेषा

नमस्कार. मी पुस्तकांची मुद्रिते तपासते, त्यामुळे या धाग्यात अक्षराच्या दर्जाविषयी थोडे लिहावेसे वाटले. छपाई झाली म्हणजे काम संपले असे देवनागरीच्या बाबतीत म्हणता येत नाही.

आपली दुसरी आणि तिसरी चाचणी शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली पाहा. दुसऱ्या कागदावर, म्हणजे घोस्टस्क्रिप्टच्या, एका शब्दाची शिरोरेषा शेजारच्या शब्दाच्या शिरोरेषेपेक्षा किंचित जाड वाटेल, आणि जोडाक्षरानंतरचे अक्षर जेथे टेकते तेथे रेषेला बारीक खाच दिसेल. याचे कारण छपाईचा_विद्यार्थी यांनी सांगितलेल्या गोष्टीतच आहे. अक्षरे चित्रे होऊन जात आहेत, आणि ही चित्रे पीएस२राइट आपल्या ठरीव ७२० डीपीआयने बनवतो. आपला प्रिंटर ६०० चा. म्हणजे दर सहा ठिपके पाचांत बसवायचे. कोणता ठिपका गाळायचा हे प्रिंटर प्रत्येक अक्षरासाठी त्याच्या कागदावरच्या जागेप्रमाणे ठरवतो. रोमन अक्षरे एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे तेथे हा फरक लपतो. आपल्याकडे संपूर्ण शब्द एका रेषेला टांगलेला असतो, आणि त्या रेषेत एका ठिपक्याचा चढउतार झाला तरी डोळ्याला खुपतो. लहान टाइपात अनुस्वार आणि नुक्ता यांचेही तसेच होते.

स्क्रिप्टच चालू ठेवायची असेल तर घोस्टस्क्रिप्टला ‘आर’ हा पर्याय देऊन ६०० सांगावे, म्हणजे ठिपक्याला ठिपका जुळेल. पण माझे स्पष्ट मत असे की देवनागरीसाठी पॉपलरचा मार्गच धरावा. पॉपलर सीआयडी ट्रूटाइप टंकाचे चित्र करत नाही. लेव्हल २ सांगितल्यास तो टंकाचे तुकडे पाडून ‘टाइप ४२’ म्हणून एका ‘टाइप ०’ टंकाच्या पोटात ठेवतो, आणि लेव्हल ३ सांगितल्यास सीआयडी टंक म्हणूनच पाठवतो. दोन्ही प्रकारांत रेषाकृती प्रिंटरपर्यंत शाबूत पोचते आणि ६०० ठिपक्यांच्या जाळीवर ती उतरवण्याचे काम प्रिंटर स्वतः करतो. शिरोरेषा सलग येते ती यामुळे.

क्यूसाठी हे कायमचे ठरवायचे तर ‘एलपीअ‍ॅडमिन’ या आज्ञेला ‘पी’ ने क्यूचे नाव आणि ‘ओ’ ने ‘पीडीएफटूपीएस-रेंडरर-डिफॉल्ट’ हा पर्याय द्यावा आणि त्याची किंमत ‘पीडीएफटूपीएस’ ठेवावी. घोस्टस्क्रिप्ट हवे असल्यास ‘जीएस’. सर्व काही रोमन लिपीत, लहान वर्णांत. हायब्रिडच्या निवडीवर विसंबण्यापेक्षा हे बरे. लेव्हल कोणती ते फिल्टर पीपीडीतल्या ‘लँग्वेजलेव्हल’ या ओळीवरून घेतो. तेथे ३ असून जर पाने पुन्हा चुकू लागली, तर पीपीडीची प्रत करून त्या ओळीत २ लिहावे आणि ती प्रत क्यूला लावावी.

कचेरीसमोरचा_डीटीपी

ताई, भिंगाखाली पाहिले. आपण म्हणता तसेच आहे. ‘प्रतिज्ञापत्र’ या शब्दात ‘ज्ञा’ आणि ‘प’ यांच्यामध्ये घोस्टस्क्रिप्टच्या कागदावर खाच दिसते, पॉपलरच्या कागदावर रेषा सलग आहे. इतके दिवस ‘टोनर संपत आला’ म्हणून आम्ही काट्रिज हलवून घालत होतो.

मात्र नवीन अडचण उभी राहिली आहे. रॉ क्यू काढला, कंपनीची पीपीडी लावून त्याच नावाचा नवा क्यू केला, एलपीअ‍ॅडमिनने रेंडरर, म्हणजे पोस्टस्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम, पॉपलर ठरवला. दस्तऐवज पाहायच्या खिडकीतून प्रिंट दिले तर उत्तम छापले जाते. पण स्क्रिप्टमधून दिले की जुनीच पाटी, ‘इमेजमास्क’ सकट! नव्या क्यूचा स्क्रिप्टवर काहीच परिणाम होत नाही असे कसे?

छपाईचा_विद्यार्थी

घाईत नोटी३सीसीआयटीटी स्क्रिप्टमधून पुन्हा निघून गेला असावा, हे आधी पाहा. पण मूळ कारण वेगळे आहे आणि ते अनेकांना चकवते.

कप्समधले फिल्टर आलेल्या फाइलचा प्रकार पाहून निवडले जातात. पीडीएफ आली तर साखळी अशी होते: ‘पीडीएफटूपीडीएफ’ पाने लावतो, मग ‘पीडीएफटूपीएस’ पोस्टस्क्रिप्ट करतो. आपली स्क्रिप्ट मात्र क्यूकडे पीडीएफ देतच नाही. ती आधीच स्वतः पोस्टस्क्रिप्ट करून बसलेली असते. कप्सला पोस्टस्क्रिप्ट मिळाले आणि प्रिंटरही पोस्टस्क्रिप्टचा, मग तो ते ‘पीएसटूपीएस’ नावाच्या फिल्टरमधून पुढे सोडतो. हा फिल्टर कोणती पाने छापायची, किती प्रती, कोणता ट्रे एवढेच पाहतो. आतले टंक तो उघडत नाही. रेंडररची निवड तर पीडीएफटूपीएसच्या वेळी होते, आणि तो या साखळीत आलेलाच नाही.

मी सांगतो म्हणून मानू नका, नोंदवहीत पाहा. ‘कप्सकंट्रोल’ला, म्हणजे ‘कप्स’ आणि ‘सीटीएल’ जोडून लिहिलेल्या आज्ञेला, ‘डीबग-लॉगिंग’ हा पर्याय द्या, दोन्ही मार्गांनी एकेक पान पाठवा आणि ‘व्हार, लॉग, कप्स’ या फोल्डरातील ‘एरर_लॉग’ उघडा. कामाच्या क्रमांकासह ‘स्टार्टेड फिल्टर’ अशा ओळी शोधा. खिडकीतून दिलेल्या कामाखाली पीडीएफटूपीडीएफ आणि पीडीएफटूपीएस दिसतील, स्क्रिप्टच्या कामाखाली पीएसटूपीएस दिसेल. पाहून झाल्यावर ती तपशीलवार नोंद बंद करा, नाहीतर फाइल फुगत जाते. छपाईच्या कोणत्याही तक्रारीत मी सर्वप्रथम या ओळी वाचतो, कारण आपल्याला वाटत असलेली साखळी आणि प्रत्यक्षात चाललेली साखळी पुष्कळदा वेगवेगळ्या निघतात.

उपाय साधा आहे. स्क्रिप्टमधून घोस्टस्क्रिप्टची ओळ आणि पीजेएलच्या चारही ओळी काढा आणि पीडीएफ आहे तशी ‘एलपी’ या छपाईच्या आज्ञेला द्या. ट्रे आणि दुहेरी छपाई पीपीडीतील पर्यायांनी सांगा. ते पर्याय कोणते, हे ‘एलपीऑप्शन्स’ला क्यूचे नाव आणि लहान ‘एल’ दिल्यावर दिसतात. पीजेएलच्या ओळी अर्धवट ठेवू नयेत. पीपीडीही स्वतःच्या ओळी घालते, आणि दोघांनी एकाच कामाला दोन प्रस्तावना जोडल्या की ट्रे चुकतो. मुद्रांक हाताने सरकवायच्या ट्रेतून जात असेल, तर ट्रेची चूक आपल्याला परवडणारी नाही.

कचेरीसमोरचा_डीटीपी

नोंदवहीत हुबेहूब तसेच दिसले. स्क्रिप्टच्या कामाखाली एकटा पीएसटूपीएस. स्क्रिप्ट आता अवघी दोन ओळींची उरली आहे आणि दोन दिवसांत पासष्टच्या वर कामे छापली, पाटी एकदाही आली नाही. मुद्रांकही चार छापले. प्रत्येकाआधी साध्या कागदावर एक प्रत काढण्याची शिस्त मात्र लावून घेतली आहे.

एकच गोष्ट उरली. एका वकील महोदयांच्या मसुद्याच्या मागे त्यांच्या कार्यालयाचे बोधचिन्ह फिकट उमटलेले असते. त्यांची पाने छापली जातात, पण एका पानाला दीड मिनिट लागते, आणि त्याच पानावरची अक्षरे इतर पानांपेक्षा थोडी जाडसर दिसतात. बोधचिन्ह नसलेले पान लगेच येते. हाही फिल्टरचाच प्रश्न आहे काय?

शिरोरेषा

होय, त्याच कुळातला. ते बोधचिन्ह फिकट रंगाचे नसून गडद रंगाचे आणि पारदर्शक केलेले असणार. पोस्टस्क्रिप्टच्या भाषेत पारदर्शकता ही कल्पनाच नाही. पीडीएफमध्ये ती आहे. पारदर्शक वस्तू खाली असली की पॉपलर संपूर्ण पानाचेच एक मोठे चित्र करतो, मजकुरासकट. म्हणून अक्षरे जाडसर दिसतात: त्या पानावर टंक गेलेलाच नाही, अक्षरांचा फोटो गेला आहे. वेळेचा हिशेबही यातच आहे. ए४ पान ६०० डीपीआयने म्हणजे सुमारे ४,९६० गुणिले ७,०१६ ठिपके, जवळजवळ साडेतीन कोटी. राखाडी छटांसाठी ठिपक्याला एक बाइट धरला तरी एका पानाचे ३५ एमबी होतात, आणि ते उलगडणारा संगणक प्रिंटरच्या पोटातला लहानसा असतो.

‘पीडीएफटूपीएस-मॅक्स-इमेज-रेझोल्यूशन-डिफॉल्ट’ हा आणखी एक पर्याय एलपीअ‍ॅडमिनला देता येतो. त्यात ३०० लिहिल्यास ठिपके चौथाईवर येतात आणि पान लवकर निघते. पण मजकूरही ३०० वर उतरतो, त्यामुळे मराठी प्रतिज्ञापत्रासाठी मी तो सुचवणार नाही. घोस्टस्क्रिप्टकडे वळूनही पारदर्शकतेचा प्रश्न सुटत नाही, तिचे सपाटीकरण त्यालाही करावेच लागते. दोष मुळात मसुद्यात आहे, तो तेथेच दूर करावा. बोधचिन्हाची पारदर्शकता पूर्ण काढून त्याला थेट फिकट राखाडी रंग द्यावा आणि ते मजकुराच्या मागे ठेवावे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. चित्र पीएनजी असेल तर त्याची पार्श्वभूमीही पारदर्शक नको, पांढरी करून घ्यावी. पुष्कळजण चिन्हाचा रंग बदलतात आणि ही पार्श्वभूमी विसरतात.

कचेरीसमोरचा_डीटीपी

पार्श्वभूमीच पारदर्शक होती. वकील महोदयांकडून मूळ चित्र मागवले, पांढऱ्यावर फिकट राखाडी करून घेतले आणि त्यांच्या साच्यात बदलले. पान आता इतरांइतक्याच वेळात येते आणि शिरोरेषा सलग आहे. त्यांना दोन्ही कागद दाखवले, बोधचिन्हात त्यांना फरक दिसला नाही. अक्षर सुधारल्याचे मात्र त्यांनीच आधी सांगितले.

दुकानातल्या दुसऱ्या दोन संगणकांवरही आज जुनी स्क्रिप्ट बदलली. तेथेही खात्री म्हणून एकेक पान पाठवून नोंदवहीत साखळी पाहून घेतली: पीडीएफटूपीडीएफ, मग पीडीएफटूपीएस. आपणा दोघांचे पुन्हा आभार.